सासूबाईंचा खलबत्ता

रोज एकाच ओसरीवर चार-पाच म्हाताऱ्या बसल्या, की किस्से पानाच्या देठांसारखे साठत जातात. झाडून टाकवत नाहीत. नगरहून लग्न होऊन जामखेडला आले, तेव्हा माझ्या वाट्याला आलं ते हेच काम: दुपारी बोळक्या तोंडांसाठी पान-सुपारी कुटायची.

नियम सासूबाईंचा, आणि कडक! "दात असतील तिनं आपल्या घरी चावावं. हितं यायचं न्हाई!" लढाईच्या महागाईत सुपारी पुरत नव्हती.

*

सोनामावशींचा एकुलता एक मुलगा पलटणीत, सून माहेरी. घरात उरली शेळी. मावशी दिवसभर तिच्याशीच बोलायच्या.

"काय म्हणती गं शेळी?" सासूबाईंनी विचारलं.

"आमचे मालक हुते तशीच हाय. काय बी सांगा, खाली मान घालून खात बसती!"

सगळ्या खो खो हसल्या. मावशी पदराआड हसल्या. घरी मात्र सगळ्यांच्या शेवटी गेल्या. नेहमीसारख्या.

*

येसूबाई रोज घरी जायला उठताना रुसायच्या. "उद्यापासून न्हाई यायची मी!" दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर!

एका दुपारी काय वाटलं कोण जाणे, गोड हसून म्हणाल्या, "येते गं उद्या."

पहाटेच वारल्या.

*

पुन्हा बसायला लागलो त्या दिवशी सवयीनं मी येसूबाईंचंही पान कुटलं. कुणी हात लावेना.

"वाया कशाला," म्हणत सोनामावशींनी ते तोंडात टाकलं. डोळे भरून आले, पण तोंडही भरलेलं. बोलता काही येईना.

*

एकदा आडावर आम्ही दोघीच होतो. दोराची ओली गाठ मला सुटेना. मावशींनी ती दातांनी सोडवली!

तांबूस, पण सगळेच्या सगळे जागेवर! हसताना पदर का, ते तेव्हा कळलं. मी आडात बघत राहिले.

"घरी कुनी न्हाई गं, पोरी," त्या हळूच म्हणाल्या.

दुपारी त्यांचं पान मी नेहमीसारखंच कुटलं.

*

मग जत्रेचे फुटाणे आले. सासूबाईंनी मूठ मूठ वाटले. बाकीच्यांनी नातवंडांसाठी पदरात बांधले. मावशी मुलाच्या लहानपणचं सांगण्यात रंगलेल्या. बोलता बोलता...

कुडुम!

सगळ्यांच्या माना वळल्या. मावशींनी पदर तोंडावर ओढला आणि उठायला जमिनीवर हात टेकला.

सासूबाईंनी अडकित्त्यावरची नजर वर केली नाही.

"सूनबाई, सोनाचं पान आज जरा बारीक कूट. तिला चाववत न्हाई."