शेपटीला हात

ग्लायडरचे पंख आणि शेपटी जोडली, की उडण्याआधी एक तपासणी सक्तीची असते. एकाने कॉकपिटमध्ये बसून सुकाणूचा दांडा ओढायचा आणि दुसऱ्याने शेपटीची हलती फळी दोन्ही हातांनी घट्ट धरायची. दांडा अडला तर जोडणी पक्की. नुसतं बघून कळत नाही, कारण अर्धवट अडकलेल्या जोडणीनेही फळी छान हलते.

आज सकाळी उडायला निघालेल्या नलिनीताई आत बसल्या होत्या. शेपटीपाशी आमच्या क्लबातले साठे होते, एका हातात चहा, दुसरा हात खिशात.

"साठे, धरलंत का?" ताईंनी आतून दांडा हलवत विचारलं.

"झकास हलतंय की! घ्या पुढे," म्हणत त्यांनी तपासणीच्या कागदावर सही ठोकली.

मला या माणसाचा संताप येतो. तो दुष्ट असता तर बरं झालं असतं. उद्या ताईंचं काही बरंवाईट झालं, तर सगळ्यात आधी हार घेऊन हाच येईल आणि खरोखर रडेल. आजाऱ्याच्या दारातूनच "आता बरं वाटतंय ना?" विचारून उत्तराआधी चप्पल घालणारी ही जात. यांना सगळं लांबूनच ठीक दिसतं, आणि ठीक दिसावं म्हणूनच हे लांब उभे राहतात.

मी पुढे होऊन फळी घट्ट धरली. "ताई, ओढा."

खट्ट आवाज झाला. दांडा सैल होऊन ताईंच्या पोटापर्यंत आला. फळी माझ्या हातात जागची हलली नाही.

साठेंनी चहाचा शेवटचा घोट घेतला. म्हणाले, "मघाशी तर हलत होतं."