सूनमुखाचा व्हिडिओवाला

माझ्या मुलाचं लग्न खर्ड्याला झालं. मुलीकडच्यांनी आणलेल्या व्हिडिओवाल्याला भुताच्या सिनेमांचं भारी वेड. मी मांडवात शिरले की हा सतरंजीवर पालथा पडायचा आणि एक डोळा मिटून खालून माझं शूटिंग घ्यायचा.

सूनमुखाच्या वेळी आरशात सुनेचं तोंड बघायला मी पुढे झाले, तर यानं हात आडवा घातला. "मावशी, थांबा. आधी आरशात एकटी नवरी दिसू द्या. मग तिच्या खांद्यामागनं हळूच या."

"आणि येऊन करू काय?"

"काईच न्हाई. नुसतं हळू या. भ्यायचं काम बघनारा करतो."

पुढे सावेडीला घरी सगळ्यांनी मिळून व्हिडिओ पाहिला. आरशात नवरी, मागे मोकळा मांडव, आणि तिच्या खांद्याआडून सावकाश वर येणारी मी, नाकपुड्यांसकट! सून किंचाळली आणि मग पोट धरून हसत सुटली. मीही हसले.

मग मला माझ्या सासूबाई आठवल्या. स्वयंपाकघराच्या दारात त्यांची सावली पडली की माझ्या हातातलं लाटणं थांबायचं. त्या बिचाऱ्या नुसत्याच हळू येत असणार. गुडघे दुखायचे त्यांचे.