मधला समुद्र

वडील कॉलेजात इतिहास शिकवत. उद्याचं व्याख्यान आदल्या संध्याकाळी आईला ऐकवायचं, ही त्यांची पद्धत. नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत ते स्वयंपाकघराच्या दाराशी पाट टाकून बसत आणि आत आई तांदूळ निवडत ऐके. अमेरिका नवी होती, दुबळी होती, म्हणून युरोपातल्या भांडणांत तिने कोणाचीच बाजू घेतली नाही. पुढे शेजारचे देश स्वतंत्र झाल्यावर तिने युरोपला बजावलं, आमच्या खंडात आता नव्या वसाहती नकोत. तुम्ही इकडे लक्ष घालू नका, आम्ही तिकडे घालत नाही. हे सांगताना वडिलांचा आवाज चढे. आपला देशही तेव्हा नवाच होता, आणि कोणाच्या गटात नव्हता.

घरात मात्र विधवा आत्याचं राज्य होतं. स्वयंपाक सोवळ्यातच व्हायचा, म्हणजे धुऊन उंच दांडीवर वाळत घातलेलं, कोणी न शिवलेलं लुगडं नेसून. पावसाळ्यात ते वाळायचंच नाही. आई ओलंच नेसून चुलीपुढे बसायची. खोकला हटेना, तेव्हा डॉक्टरांनी ओलं अंगावर ठेवायला साफ मनाई केली. आत्या म्हणाली, "डॉक्टरांना सांग, आमच्याकडे आधी देव जेवतात."

"अहो, तुम्ही एक शब्द बोला ना त्यांच्याशी," आई म्हणाली.

"तुम्हा दोघींच्या मध्ये मी पडत नाही. मला दोघी सारख्याच," एवढं बोलून वडिलांनी मिठाची गुळणी धरली.

मग मामा साताऱ्याहून तिला न्यायला आला. म्हणाला, "महिनाभर पाठवा. बरी करून आणून सोडतो." तेव्हा मात्र वडिलांना बरोबर कंठ फुटला. "आमच्या घरात बाहेरच्यांनी लक्ष घालू नये." मामा चहा न घेताच गेला. त्या दिवशी मला वडिलांचा जो राग आला, तो अजून उतरलेला नाही.

त्याच संध्याकाळी नेमका अमेरिकेचाच धडा होता. तटस्थतेपाशी आल्यावर आई खोकत म्हणाली, "त्यांचं ठीक आहे हो. तटस्थ राहायला मध्ये समुद्र लागतो. इथे एक भिंतसुद्धा नाही."

वडिलांनी पान उलटलं.

त्या वर्षीची दिवाळी आईने पाहिली नाही. छातीत पाणी झालं होतं. तिच्यामागे चूल माझ्याकडे आली, सोवळ्यासकट.

पुढे पुष्कळ वर्षांनी वडील गेले, तेव्हा त्यांचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. म्हणाला, "सर दरवर्षी वर्गात एक वाक्य सांगायचे. तटस्थ राहायला मध्ये समुद्र लागतो. कुठल्या ग्रंथातलं आहे हो ते?"

दरवर्षी सांगायचे, म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. आणि लग्न होऊन त्या घराबाहेर पडेपर्यंत, प्रत्येक पावसाळ्यात, मी त्यांच्या डोळ्यांदेखत ओलं लुगडं नेसून स्वयंपाक करत होते.