लिंबानं शिजवलेला मासा

मी साखर कारखान्यात केमिस्ट. ऊस गाळपाचे दोन हंगाम मी थायलंडच्या ईशान्य भागात काढले. तिथंही मैलोन् मैल ऊस आणि आपल्या सोलापूरसारखंच ऊन. बॉयलरवरचा एक सोबती दर सुट्टीला मला घरी जेवायला न्यायचा. नदीतला ताजा मासा बारीक चिरून त्यात मिरची, लिंबू आणि भाजलेल्या तांदळाचा भरडा कालवलेला असायचा. माशासाठी चूल पेटायचीच नाही. लिंबानंच मासा शिजतो, असं तो मोडक्या इंग्रजीत सांगायचा. तिखट झणझणीत असायचं, त्यामुळं मी ताट पुसून खायचो.

कुर्डुवाडीला परतल्यावर वर्षभरानं उजव्या बरगडीखाली जड वाटू लागलं. भूक मेली. पित्ताच्या गोळ्या खाऊन कंटाळलो, तेव्हा सोलापूरच्या एका डॉक्टर बाईंकडं गेलो. काय खाता, हे सगळेच विचारायचे. कुठं कुठं राहिलात, हे त्यांनी विचारलं. मग मी त्या माशाबद्दल सांगितलं आणि त्यांनी लगेच शौचाची तपासणी लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या माणसानं स्वतः फोन करून बोलावलं. मला सूक्ष्मदर्शकासमोर बसवून म्हणाला, "बघा की. इतकी वर्षं पुस्तकातच बघत होतो." टोकाला टोपी असलेली इवलीशी अंडी दिसत होती. माझं दुखणं पाहून इतका आनंदलेला माणूस मला पहिल्यांदाच भेटला.

डॉक्टर बाईंनी समजावलं, की हे पानासारखे चपटे कृमी यकृतातल्या पित्ताच्या नळ्यांत राहतात. लिंबू, मीठ, मिरची यांनी ते मरत नाहीत. मासा नीट शिजवावाच लागतो. माझ्यापासून घरात कुणाला लागण होण्याची भीती नव्हती. दोन दिवस गोळ्या घेतल्या, डोकं गरगरलं, आणि पुढच्या तपासणीत काहीच सापडलं नाही.

आईचं माहेर जेऊरकडं, उजनीच्या पाण्याकाठी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "आमी मांजराला बी कच्चा घालत न्हाय."

सोबत्याला फोन करायला मात्र मी आठवडा लावला. त्याच्या पाहुणचाराला नावं ठेवल्यासारखं होईल, असं वाटत होतं. शेवटी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माझे वडील यकृताच्याच आजारानं गेले." हे मला ठाऊक नव्हतं. त्याच आठवड्यात त्यानं सगळ्या घराची तपासणी करून घेतली. तो आणि त्याची बायको, दोघांनाही गोळ्या घ्याव्या लागल्या. दोघं बरी झाली.

त्यानंतर एका रविवारी आईनं त्याला व्हिडिओ कॉलवर माशाचं कालवण शिकवलं. मी मधे दुभाषा. मासा किती वेळ शिजवायचा, असं त्यानं विचारलं. घड्याळ नको बघूस, आई म्हणाली, काट्यापासनं सुटला की झाला. आता आईचा काळा मसाला पार्सलनं तिकडं जातो, आणि डबा संपत आला की त्याचा फोन थेट तिलाच येतो. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नाही, तरी दहा मिनिटं बोलतात.