आयशाचा आवाज मी वाजवला
"तू मागं उभी राहा. बोलू नकोस. फक्त बटण दाब."

कुवेतमधल्या सालमियातल्या रशियन वर्गाच्या मालकीणबाईंनी पालकसभेआधी मला बजावलं. रशियन आयांना भारतीय मास्तरीण दिसायला नको होती. शिकवत मीच होते.

मी बटण दाबलं.

आठ वर्षांच्या आयशाचा आवाज हॉलभर झाला. तिची आई लेना रशियन, बाप रत्नागिरीचा. आयशा फोनवर आजीला म्हणत होती, "बाबुश्का, या स्कुचायु तिब्या." आजी, मला तुझी आठवण येते. मधला एक शब्द गळालेला, शेवट चुकलेला. परक्या देशात, घरातच वाढलेली भाषा अशीच असते. माझं संशोधन त्यावरच होतं.

बाई हसल्या. "ही रशियन नव्हे. ही मोलकरणीची बोली."

सगळे हसले. लेनाची मान खाली. आयशा तिला चिकटून बसलेली.

ते रेकॉर्डिंग मी त्यांच्या घरी केलं होतं. लेनाच्या हातचा चहा पिऊन. "फक्त अभ्यासासाठी," असं सांगून.

हे हसणं मला नवं नव्हतं. शाळेत गुरुजी मला उभं करून 'पाणी' म्हणायला लावायचे. मी 'पानी' म्हणायचे. आमच्या वस्तीत सगळे तेच म्हणायचे. वर्ग खिदळायचा. पुढं रशियन घेतलं ते त्यामुळंच. तिथं सगळ्यांचीच सुरुवात पहिल्या अक्षरापासून. जिभेवरून जात कळत नव्हती.

आणि आता मी गुरुजींच्या बाजूला उभी. बटणावर बोट ठेवून.

पुढच्या आठवड्यात आयशा आली नाही. मी सबाह अल-सालेम भागात तिच्या घरी गेले. लेना दारातच इंग्रजीत म्हणाली, "आता घरात इंग्रजीच. आजीचा फोन आला तरी ती घेत नाही."

"माफ कर," मी म्हणाले. तिनं दार लावून घेतलं. बरोबर केलं.

आता बाईंना वर्गाच्या जाहिरातीसाठी परिषदेत वाजवायला सगळ्या मुलांची रेकॉर्डिंगं हवी होती. पालक बाहेरच बसले होते. मी मुद्दाम मोठ्यानं, रशियनमध्ये बोलले.

"देणार नाही."

"तुझा इथं राहायचा इकामा माझ्या सहीवर आहे. देशाबाहेर काढीन."

"काढा."

बाईंच्या समोरच मी सगळी रेकॉर्डिंगं पुसली. संशोधन गेलं. नोकरीही गेली. आयशा अजून आजीशी बोलत नाही. ते माझ्यामुळं. त्याला माफी नाही, आणि मी ती मागत फिरणारही नाही.

इथून निघेपर्यंत मी एकेका पालकाकडं जाणार आहे. त्यांच्या लेकरांचं बोलणं कुणी विकायला काढलं होतं, ते सांगणार आहे. त्यात पहिलं नाव माझं घेणार आहे.