म्हैस आडवी आली नव्हती

औरादच्या आमच्या जीपवाल्याला थापा मारायची भारी हौस. "आपल्या जीपनं बीदरचं विमान मागं टाकलंय. खोटं बोलायलोय का मी?" असं तो विचारायचा, आणि आम्ही रोजचे प्रवासी नुसते हसायचो.

परवा जीप खांबावर आदळली. कुणाला फारसं लागलं नाही. "म्हैस आडवी आली म्हण," असं आम्ही सगळ्यांनी त्याला पढवलं. पण ठाण्यात त्यानं खिशातलं गोळ्यांचं पाकीट काढून फौजदारापुढं ठेवलं.

"म्हैस न्हवती, साहेब. ही कंबरेची गोळी खाऊन गाडी चालवू नको म्हणला होता डॉक्टर. मला डुलकी लागली."

आता केस होईल, लायसनही जाईल बहुधा. तरी कुस्ती मारल्यासारखा छाती काढून तो बाहेर आला.

"खोटं बोलायलोय का मी?"

"न्हाई, अण्णा!" आम्ही सगळे एकदमच ओरडलो.