सहाव्या पट्टीचं गवत

आमच्या बाबांनी गोल्फच्या मैदानावर एकतीस वर्षं माळीकाम केलं, पण तेवढ्या वर्षांत एकदाही चेंडूला काठी लावली नाही. लोकांना हे पटत नाही. मला त्यात नवल वाटत नाही. खेळणाऱ्यांचं लक्ष चेंडूकडे असायचं आणि बाबांचं चेंडूखाली काय आहे तिकडे.

ते मैदान घरीसुद्धा यायचं. बुटांना गवत, खिशात बी, नखांत माती. जेवताना घास हातात धरून ते खिडकीतून आभाळ बघत बसायचे, कारण उद्या पाणी सोडायचं की नाही हे ठरवायचं असायचं. "सवत परवडली, पण हे गवत नको," असं आई म्हणायची आणि केरसुणी शोधायला लागायची. त्या केरात सापडणारं हिरवं पातं मला अजून आठवतं. आता घर लख्ख असतं, आणि ते मला मुळीच आवडत नाही.

मैदानात चेंडू मारत न्यायच्या गवताच्या अठरा पट्ट्या होत्या, प्रत्येकीच्या टोकाला खळगा आणि त्यात झेंडा. त्यातली सहावी पट्टी बाबांची लाडकी. पूर्वी तिथे नुसता मुरूम होता. बाबांनी माती आणून, बी पेरून, डोळ्यांत तेल घालून तिथे गवत उभं केलं होतं. ते निवृत्त झाले त्याच वर्षी कळलं, की ती पट्टी खणून तिथे तळं करणार. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "मला गोल्फ शिकायचंय. सहावी पट्टी जायच्या आत एक चेंडू झेंड्यापर्यंत पोचवायचाय."

"गुडघे धड चालत नाहीत आणि म्हणे गोल्फ," आई म्हणाली.

हातात तीन आठवडे होते. तिथे रोज खेळायला येणाऱ्या एका म्हाताऱ्या वकिलांनी आपली जुनी काठी दिली आणि शिकवायचंही कबूल केलं. सुट्टीवर आलेली मी पिशवी धरायला जायची. पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. चेंडू हवेत उडायला हवा असेल तर काठी चेंडूला लागून पुढे थोडी जमिनीत घुसावी लागते, गवताचं एक ढेकूळ निघतंच. नेमक्या त्याच क्षणी बाबा हात वर घ्यायचे. चेंडू चार पावलं घरंगळायचा.

"माळीबुवा, खाली मारा. जमिनीला घाबरताय कशाला?"

"साहेब, तुम्ही लोकांनी उडवलेली ढेकळं मी जन्मभर परत बसवली. आता मीच उडवू?"

एकदा मी वैतागून म्हणाले, "बाबा, गवत काही रडत नाही." ते हसले आणि पुन्हा चुकले. ते वाक्य आठवलं की आज माझी मलाच लाज वाटते.

शेवटचा रविवार उजाडला. खणायचं यंत्र पट्टीच्या कडेला येऊन उभं होतं. एकतीस वर्षांत तिथे पाऊल न टाकलेली आई त्या दिवशी पाण्याची बाटली घेऊन आमच्याबरोबर आली होती. बाबांचे नऊ चेंडू घरंगळले. त्यांनी दहावा ठेवला.

आई जवळ गेली. "अहो, उद्या हे सगळंच उकरणार आहेत. ज्यांनी एक काडी लावली नाही, ते उकरणार. मग पहिलं ढेकूळ तुमच्या हातचं निघू दे की."

बाबांनी यंत्राकडे पाहिलं. मग काठी उचलली आणि मारली, अगदी खाली.

चेंडू उंच गेला, हिरवळीवर पडला आणि झेंड्यापासून हातभर अंतरावर थांबला. वकीलसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. मी बाबांकडे वळले, तर बाबा जागेवर नव्हते. ते वाकून पुढच्या गवतात काहीतरी शोधत होते. ढेकूळ सापडलं. त्यांनी ते खड्ड्यात बसवलं, टाचेनं दाबलं आणि आईपुढे हात केला. आईनं बाटली दिली. त्यांनी ती पूर्ण रिकामी केली.

"मूळ धरायला तीन आठवडे लागतात," ते म्हणाले. "यावर पाय देऊ नका."

खणायचं यंत्र कडेला उभंच होतं. आम्ही चौघंही त्या तुकड्याला वळसा घालून झेंड्याकडे गेलो.